कोमट पाणी आणि योग्य जोड

माझ्या रुखवतात जिवंत मासे होते. हे मी गेली पन्नास वर्षं सांगतेय आणि पहिल्या दमात विश्वास ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय. इतर मुलींच्या रुखवतात टाचण्या टोचलेली साबणाची बदकं असतात, मण्यांचे पोपट असतात, कापसाचा ससा असतो. म्हणजे असे प्राणी, जे लग्नानंतर कपाटावर बसून मुकाट्याने धूळ खातात. माझ्या रुखवताच्या टेबलावर दोन फुटी काचेची पेटी होती आणि तिच्यात अकरा मासे. बँड सुरू झाला तसे ते अकराच्या अकरा एका कोपऱ्यात जाऊन असे गोठले, की वरपक्षाच्या एका बाईने जाहीर करून टाकलं, "प्लॅस्टिकचे हायत." तेवढ्यात एकाने शेपटी हलवली आणि बाई किंचाळली. त्या किंचाळीने मुहूर्त दोन मिनिटं पुढे गेला असं भटजी म्हणत. मी म्हणते, पंधरा.

कल्पना माझ्या वडिलांची. पुण्यात एका कचेरीत कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात मासे पाळायचे, असे दोन उद्योग त्यांना होते, आणि त्यातली कारकुनी त्यांनी कधी फारशी मनावर घेतली नाही. पेटी त्यांनीच बनवली होती. लोखंडी अँगलची चौकट, काचांच्या कडांना फटी बुजवायला लांबी, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणात एक बल्ब. माझ्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी ती बारा वर्षं होती. सगळे पाढे मी त्या माशांना म्हणून दाखवलेत, आणि एकोणतीसच्या पाढ्याला तेही तोंड उघडं टाकून बघत राहत. लग्नात वडिलांनी ती पेटीच मला दिली. निघताना त्यांचे डोळे भरून आले, ते माझ्याकडे बघून की पेटीकडे बघून, यावर आमच्याकडे आजही दोन मतं आहेत. मी मात्र भर मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाबा, यातल्या एकालाही मरू देणार नाही!"

वाक्य आधी बोलायचं आणि विचार नंतर करायचा, ही माझी लहानपणापासूनची शिस्त.

सासर बेलापूरचं. दुष्काळाच्या आधीचा हिवाळा होता तो, पाटाला पाणी होतं, उसाला तुरे होते, आणि आमचे हे जवळच्याच साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाची परीक्षा घ्यायचे. पुण्याहून नगर आणि नगरहून बेलापूर असा एस. टी.चा प्रवास. पेटी रिकामी करून टपावर बांधली आणि मासे दुधाच्या किटलीत घालून माझ्या मांडीवर. कंडक्टरने किटलीचं झाकण उघडायला लावलं.

"दूध आहे ना?"

"मासे आहेत."

"जिवंत?"

"जिवंत."

"मग तिकीट लागंल."

"अहो, मेलेल्यांना लागतं का?"

"मेलेल्यांना लगेज लागतं," कंडक्टर म्हणाला, आणि सगळी गाडी माझ्या नव्या शालूकडे आणि किटलीकडे आळीपाळीने बघत हसली. वांबोरी फाट्याच्या पुढे गाडीने असा खड्डा घेतला, की एक मासा किटलीतून उडून समोरच्या म्हाताऱ्याच्या पागोट्यात जाऊन बसला. म्हाताऱ्याने तो अलगद काढून परत घातला आणि म्हणाला, "पोरी, माझ्या जन्मात पागोट्यात पहिल्यांदाच काहीतरी हाललं." यातलं पागोटं मी घातलेलं आहे असं आमच्या ह्यांचं म्हणणं. असेल. खड्डा खरा होता.

ओसरीवर पेटी मांडली, आडाचं पाणी भरलं, मासे सोडले. अर्धी आळी जमली. सासूबाईंना "आत्या" आणि सासऱ्यांना "मामा" म्हणायचं, एवढं मला शिकवलं होतं. आत्या कमरेवर हात ठेवून पेटीसमोर उभ्या राहिल्या.

"सूनबाई, हे शिजवायचे कवा?"

"हे खायचे नाहीत, आत्या."

"मग?"

"बघायचे."

"बघायचे. आन मग?"

"मग पुन्हा बघायचे."

आत्यांनी आळीतल्या बायकांकडे असं बघितलं, की सगळ्यांना सगळं कळलं. मग माझी परीक्षा. ही चपटी, उभ्या पट्ट्यांची जोडी कोण? एंजल. काळे दोन? मोली. झालरीवाला लाल? फायटर. आणि हे बोटाच्या पेराएवढे सहा?

"गप्पी."

"काय?"

"गप्पी मासे."

"नाव बरोबर हाय," आत्या म्हणाल्या. "म्हंजी आता घरात सात झाल्या."

येऊन मला दोन तासही झाले नव्हते. माणसाची पारख असावी तर अशी.

त्याच संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. ओसरीवरची ती जागा होती कुरडयांची. दर उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे वाळवून तिथे पत्र्याच्या डब्यात ठेवले जात, आणि त्या डब्याला आता गंजून भोकं पडली होती. काचेची पेटी बघताक्षणी आत्यांच्या डोक्यात जे आलं ते मासे नव्हते. "हे बघ सूनबाई. तुझी पहिली संक्रांत हाय. हळदीकुंकवाला सगळ्या बाया येतील. त्या दिवशी पेटीत एक तरी मासा हालताना दिसला, तर पेटी हितं राहील, माझा शब्द. न्हाई दिसला, तर धुऊन, पुसून, कुरडया." मग जरा मवाळ होऊन म्हणाल्या, "काचंतनं कुरडया दिसतील तरी."

मी म्हटलं, एकच काय, अकरा दाखवीन. शिस्त म्हणजे शिस्त.

आठवड्याभरात वडिलांचं आंतरदेशीय पत्र आलं. लेक कशी आहे, हे विचारायला त्यांना शेवटची अर्धी ओळ पुरली, बाकी सगळं माशांबद्दल. मामांना वाचनाची हौस, त्यांनी ते ओसरीवर मोठ्याने वाचलं. त्यात दोन सूचना खाली रेघ ओढून लिहिल्या होत्या. एक, "थंडीत पाणी कोमट असावे." दोन, "नवा मासा आणल्यास योग्य जोड पाहून मगच सोडावा." इतकं स्वच्छ, सोपं, सरकारी मराठी. या दोन वाक्यांनी माझ्या अकरा माशांतले नऊ मारले, हे मी शपथेवर सांगू शकते.

पहिलं वाक्य आत्यांनी मनावर घेतलं. आमच्या आळीतल्या नव्या बाळांना न्हाऊ घालण्याचं काम त्यांच्याकडे असे. पायांवर बाळ आडवं, शेजारी घंगाळ, आणि पाण्यात कोपर बुडवून त्या ठरवत, हे कोमट, हे नाही. हाताला नसतं कळत, म्हणत, हात चुलीपाशी मेलेला असतो, कोपर खरं बोलतं. तर एका सकाळी, मी आडावर असताना, कडाका बघून त्यांना माझ्या माशांची दया आली. बंबातलं कढत पाणी तांब्या तांब्याने ओतत, कोपराने बघत, त्यांनी पेटीतलं पाणी बाळाच्या अंघोळीचं करून टाकलं. वर पदराने काच पुसली.

मी आले तेव्हा दोन्ही एंजल आणि दोन्ही मोली आडवे तरंगत होते. फायटर आणि गप्पी वरच्या थरात तोंडं उघडून धापा टाकत होते.

"बघ कसे आरामात पडलेत," आत्या म्हणाल्या.

मी जे रडले ते पाटापलीकडे ऐकू गेलं. रडू वाईट, की आत्यांचा चेहरा वाईट, ते सांगणं कठीण. "तुझ्या बापानंच लिवलंय की कोमट," त्या म्हणाल्या. आवाज चढवून म्हणाल्या, पण दुपारभर त्यांनी कोपर पदराखाली धरलं होतं, जसं काही ते भाजलं होतं.

आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणलं. हातभर लांब, काचेचं, पोटात पारा. ओसरीवर ते बाहेर काढलं तशी मामांनी विचारलं, "ताप किती हाय माशांना?" हे पडले शास्त्रज्ञ माणूस. त्यांनी आधी "कोमट" या शब्दाची तपासणी करायची ठरवली. घरातल्या प्रत्येकाने आपापलं अंघोळीचं कोमट पाणी बादलीत काढायचं आणि हे मोजणार. माझं निघालं अडतीस. आत्यांचं एकेचाळीस. मामांचं एकोणपन्नास, आणि तेही "आज जरा गारच हाय" अशा तक्रारीसह. मामांच्या अंघोळीच्या पाण्यात अंडं उकडतं अशी गावात बोलवा होती, ती मीच उठवली, पण अंडं अर्धवट उकडलं असतं एवढं नक्की.

मग ह्यांनी पेटीत नळी बुडवली. रात्रभर बल्ब चालू होता. पारा पंचवीसवर थांबला, आणि सहा गप्पी त्या नळीभोवती हवा खायला निघाल्यासारखे फिरू लागले.

"हेच पाहिजे," हे म्हणाले. "चोवीस ते सत्तावीस. पुण्याच्या पुस्तकात आहे."

"पंचवीस म्हंजी गारच की!" आत्यांनी बाही वर केली, पेटीत कोपर घातलं आणि डोळे मिटले. गर्दी असती तर बायकांनी हात जोडले असते. बऱ्याच वेळाने डोळे उघडून त्या म्हणाल्या, "ह्याला तुज्या बापानं कोमट म्हनावं? अगं, हे गारठा मोडलेलं पानी. थंडीत सकाळी प्यायला देतात तसं, नुसता गारठा मोडायचा. कोमट कुठं, आन हे कुठं! तसं लिवायला शाई कमी पडली का त्यांना?"

चार मासे एका शब्दाने मेले होते आणि नेमका शब्द पुणेकरांना सांगायला बेलापूरची एक कोपरवाली बाई लागली. वडिलांचं मराठी पुण्यात फार चांगलं समजलं जाई.

आता उरले सात. फायटर आणि सहा गप्पी. यात खोट अशी, की ती मुळात जोडच चुकीची. गप्पीच्या नरांना झुपकेदार रंगीत शेपट्या असतात, आणि तसली शेपटी दिसली की फायटरला वाटतं, दुसरा फायटर आला, आणि तो ती कुरतडतो. वडिलांना हे माहीत होतं. पण माझ्या आईचं म्हणणं, रुखवतात लाल मासा उठून दिसतो, आणि आमच्याकडे आईच्या म्हणण्यापुढे शास्त्र थांबत असे. तरी मी पाटातलं शेवाळ आणून एका कोपऱ्यात गप्पींना लपायला जागा केली होती, आणि आठवडाभर बरं चाललं होतं.

फायटरचा एक चाहता मात्र तयार झाला. मामा. त्यांना कुस्तीचं वेड. तरुणपणी त्यांनी म्हणे आसपासच्या सगळ्या जत्रांचे फड गाजवले होते. आत्या म्हणत, गाजवले, पाठ टेकल्याच्या आवाजानं. ओसरीवरच्या भिंतीत आरसा होता. त्यात स्वतःला बघून फायटर झालर फुलवायचा, गलफडं पसरायचा, काचेवर धडका द्यायचा, आणि मामा मांडी घालून समोर, "हां पैलवान! घाल ढाक!" दिवसभर. मग एकदा फायटरने आरशातल्याचा नाद सोडून एका गप्पीची शेपटी ओढली आणि मामा गंभीर झाले.

"बारक्यांवर हात टाकतोय. पैलवानाला लायक जोड न्हाई मिळाली की असंच हुतं."

माझ्या कानांनी हे ऐकलं. पण मी पुण्याची. आमच्याकडे जोड म्हणजे जोडीदार, सोबत, शोभेल असं दुसरं काही. मामांच्या गावात जोड म्हणजे आखाड्यात समोर उभा राहणारा, वजनाने आणि ताकदीने बरोबरीचा गडी. आणि वडिलांनी तर लिहूनच दिलं होतं, खाली रेघ ओढून: योग्य जोड पाहून मगच सोडावा.

मामांनी पाहिली. पाटाच्या कडेला अर्धा दिवस बसून, धोतराच्या सोग्यात धरून, त्यांनी एक मासा आणला. बोटभर लांबीचा, अंगावर नारिंगी पट्टा, डोळ्यांत चमक. मला स्वतःला तो सुंदर वाटला, हे कबूल केलंच पाहिजे. मी विचारलं, "कोण हा?"

"आपल्या पाटातला हाय. गरीब पोर हाय." मामांनी मायेने तो पाण्यात सोडला. "बग आता, पैलवानाला तोडीचा गडी आनलाय."

तो मासा म्हणजे मरळीचं पिल्लू होतं. मरळ मोठी झाली की बेडूक गिळते, बदकाची पिल्लं ओढते, आणि लहानपणी तिला जे मिळेल ते चालतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मामांनाही ठाऊक होतं, पण त्यांचा हिशेब असा, की गडी बारका हाय, आपला पैलवान बघून घेईल.

पैलवानाने झालर फुलवली. मरळीने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती संथपणे शेवाळाकडे गेली आणि एक गप्पी नाहीसा झाला. तोंड उघडताना दिसलं नाही, मिटताना दिसलं नाही, नुसता गप्पी नव्हता. मग दुसरा. मामा उभे राहिले. "अरं, तिकडं न्हवं, हिकडं!" असं म्हणून ते काचेवर बोट आपटून मरळीला कुस्तीचे नियम समजावू लागले. मी गाळणी शोधायला स्वयंपाकघरात धावले, चहाची सापडेना, पिठाची चाळणी घेऊन आले, तोवर चार गप्पी संपले होते आणि फायटर मधे पडला होता. तो मधे पडला याबद्दल मला आजही त्याच्याविषयी आदर आहे. दोन झडपांत त्याची झालर गेली आणि एक पर अर्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तळाशी कुशीवर झाला.

मरळ चाळणीत घेऊन मामा स्वतः पाटावर सोडून आले. आत्यांनी तिच्या कालवणाची सूचना केली होती, पण मामा म्हणाले, "न्हाई. निकाली झाली कुस्ती. सोडून द्यायचं." त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आरसा काढून त्यांनी माजघरात नेऊन ठेवला. त्यानंतर कितीतरी दिवस ते पेटीसमोरून जाताना मान दुसरीकडे करत, जशी हरलेल्या आखाड्यावरून जाताना करतात.

राहिले दोन गप्पी, एक नर, एक मादी. संक्रांतीला अजून तीन आठवडे. मी रोज सकाळी उठले की पहिल्यांदा त्यांना मोजायची. एक, दोन. मोजायला फार वेळ लागत नसे.

आत्या शेवटी मुद्द्यावर आल्या. "नवरा येवढा रंगीत आन बायको अशी मळकी?"

"माशांत तसंच असतं."

"बरं हाय. निदान तिथं तरी नटायला त्यांना लागतंय." आणि जरा निरखून, "पन ही पोटुशी हाय."

मला पत्ता नव्हता. बारा वर्षं गप्पी पाळलेली बाई मी! पण आत्यांनी सकाळच्या उजेडात शेपटीजवळचा काळा ठिपका आणि पोटाचा चौकोनी फुगवटा बोटाने दाखवला, आणि आमच्या ह्यांना बोलावून गर्भारपणाचे दिवस मोजून सांगितले. गप्पी अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात, हे मी सांगितलं तेव्हा तर आत्यांचा त्या मळक्या माशाकडे बघण्याचा नूरच पालटला. आता ती "ती" राहिली नाही, "आपली" झाली. "आपलीला खायला टाकलंस का?" "आपली आज खाली बसलीय, का गं?"

आणि खरी गोम मला मग कळली. आत्यांनी आडावर सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं, की आमच्या सुनेचे मासे पुण्याहून खास गाडीने आले, एकेकाला सोन्याची किंमत आहे, आणि त्यांना मंत्र म्हटल्यावर ते शेपटीवर उभे राहतात. मी सांगितलेल्या गोष्टी त्यांनी घेतल्या होत्या आणि वर आपल्या पदरचं घातलं होतं. म्हणजे संक्रांतीला रिकामी पेटी दिसली तर कुरडयांची सोय होणार होती, पण आत्यांची होणार नव्हती.

संक्रांतीला चार दिवस राहिले आणि दैवाने आमच्या ओसरीकडे लक्ष द्यायचं ठरवलं. आधी कारखान्यातून थर्मामीटर परत मागितलं गेलं. गळीत जोरात होतं आणि रसाला माझ्या माशांपेक्षा महत्त्व होतं. मग असा गारठा पडला, की आडाच्या दोरावर दव गोठलं. कोंबड्यांनी आरवायचं सोडून दिलं असं मी सांगते; निदान आमच्या शेजारच्या एका कोंबड्याने तरी दिलं. आणि मग लाईट गेली. वायर तुटली म्हणे कुठेतरी. बल्ब काळा, पेटी थंड, आणि सकाळी मी मोजलं तर रंगीत नवरा तळाशी. एक.

"एकच मासा पाहिजे म्हणाला होतात," मी आत्यांना म्हटलं. माझा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

आत्यांनी बाही वर केली. कोपर पाण्यात. "गारठा मोडलेला न्हाई," त्या म्हणाल्या. "बंब पेटव."

"आत ओतायचं नाही हं, आत्या!"

"एकदा शिकलेय मी. तुज्यासारखी न्हाई, शंभरदा सांगावं लागायला."

मग जे सुरू झालं ते मी चार दिवस बघितलं, आणि वाढवून सांगायची मला गरज नाही. घरातल्या औषधाच्या, शरबताच्या, सगळ्या काचेच्या बाटल्या गोळा झाल्या. त्यांत कढत पाणी भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली पेटीत सोडायची. बाटली तरंगत तरंगत आपली ऊब देते, पाणी बदलत नाही. निवली की दुसरी. मधे मधे आत्यांचं कोपर. पेटीभोवती बाळंतिणीला गुंडाळतात तशी गोधडी, पुढची काच तेवढी उघडी. थर्मामीटर असतं तर पंचवीसच दाखवलं असतं, हे मी पैजेवर सांगते. आत्यांच्या कोपरात पाऱ्याची रेघ होती. मामा आपणहून बंबाला सरपण घालायला बसले. त्या दिवसांत स्वतः गार पाण्याने अंघोळ केली. एकोणपन्नासवाल्या माणसाने! आत्या म्हणाल्या, तपश्चर्या करायला लागलाय म्हातारा.

संक्रांतीच्या सकाळी आत्यांनी ओरडून हाक मारली. आपली शेवाळात शिरली होती, आणि तिच्यामागून पाण्यात काळ्या डोळ्यांचे ठिपके सुटत होते, एकेक, पापणीच्या केसाएवढे, आणि सुटले की लगेच पोहायला लागत. आत्यांनी पदर खोचला. मी म्हटलं, "आत्या, पिल्लं वेगळी काढायला हवीत. ती खाईल."

"कोन?"

"आई."

"स्वतःची पोरं?"

"दुसऱ्यांची मिळाली तर तीही."

आत्यांनी मग लोणच्याची काचेची बरणी उलटी करून घासून आणली, पेटीतलंच पाणी तिच्यात घेतलं आणि डावाने एकेक पिल्लू अलगद उचलून तिच्यात घातलं. उन्हं ओसरीवर आली तोवर सतरा झाली. एक सुटून आईच्या तोंडासमोर गेलं तेव्हा आत्यांनी डाव मधे घातला आणि त्या मळक्या माशाला जे सुनावलं, ते मी इथे लिहीत नाही. मासा ओशाळला. पाण्यातला मासा ओशाळलेला तुम्ही पाहिला नसेल, मी पाहिलाय.

दुपारी बायका आल्या. मी काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून, नव्या नवरीसारखी पाटावर बसले होते. माझ्याकडे कुणीही बघितलं नाही. सगळी गर्दी पेटीपाशी आणि बरणीपाशी, आणि मधे आत्या.

"ह्या हातानं केलं बाळंतपन," आत्या कोपर दाखवून सांगत होत्या. "किती? अगं, मोजता न्हाई आली. दीडशे तरी असतील."

"सतरा," मी पाटावरून म्हटलं.

"दीडशे सतरा," आत्या म्हणाल्या. "आन बरं का, पहिलं पिल्लू आलं तवा लाईट आपोआप आली."

लाईट दुसऱ्या दिवशी आली. पण बायकांनी बल्बकडे बघून हात जोडले. एकीने विचारलं, मंत्र म्हटल्यावर मासे शेपटीवर उभे राहतात का. आत्या म्हणाल्या, आज न्हाई, बाळंतीन हाय. आणि त्या क्षणी मला कळलं, की या घरात सात गप्पी होत्या हा त्यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून एकाने चुकलेला होता.

बायका गेल्यावर ओसरीवर तिळाचे दाणे सांडलेले होते आणि पेटीत आपली शांतपणे फिरत होती. आत्यांनी कोपऱ्यातला गंजका पत्र्याचा डबा उचलला, बुडाची भोकं बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "ह्याला आता कल्हईवाल्याकडनं डाग मारून आना. कुरडया काय, आंधळ्याच असतात, काचंतनं बघून त्या काय करनार."

मग त्यांनी माझ्याकडे कोरं आंतरदेशीय पत्र सरकवलं. "लिव तुज्या बापाला. कोमट न्हाई म्हनावं, गारठा मोडलेलं. खाली रेघ मार. दोन मार."

मी लिहिलं. दहा मासे गेले, हेही लिहिलं, पण ते लिहायला मला जास्त वेळ लागला. सतरा नवे आले, हे लिहिलं.

"आणि जोडीचं काय लिहू? त्याखालीही त्यांनी रेघ ओढलीय."

आत्या बरणीतल्या पाण्यात कोपर घालून बघत होत्या. बरणीच्या तोंडात ते मावत नव्हतं, तरी घालत होत्या.

"लिव," त्या म्हणाल्या. "जोड बरी लागली म्हनावं."

आखाड्यातली, की पुण्यातली, हे मी विचारलं नाही. तसंच लिहिलं आणि खाली एकच रेघ मारली.